पारा उतरला म्हणजे बर्फ पडला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आपल्या जिल्हा पानांवर दोन बातम्या हटकून येतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण जमल्याची एक आणि श्रीनगरचा पारा उणे पाच-सहावर घसरल्याची दुसरी. दुसरीच्या आसपास बहुधा काश्मीर सहलीची जाहिरात असते आणि तीत ‘बर्फ हमखास’ हे शब्द ठळक असतात. सातारा-सांगलीकडून हल्ली बरीच कुटुंबे नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जातात, काही तरुण मंडळी स्कीइंग शिकायलाही जातात. यातले पुष्कळ जण पाऱ्याचा आकडा वाचून तारीख धरतात आणि तिथेच फसतात. काश्मीर खोऱ्यात रात्रीचा पारा फार खाली गेला, तर त्या रात्री तिथे बर्फ पडत नव्हता असेच बहुतेक वेळा समजावे.

कारण साधे आहे. आकाश निरभ्र असले की दिवसभर जमिनीत मुरलेली ऊब रात्री सरळ वर निघून जाते. वारा पडलेला असेल तर गार, जड हवा उतारांवरून घसरत खोऱ्याच्या तळाशी साचते. ढग आले की ही ऊब अडते, पारा शून्याच्या आसपास थांबतो आणि बर्फ पडायचा असेल तर तो अशाच वेळी पडतो. २१ डिसेंबर २०२४ ला श्रीनगरला उणे ८.५ अंश नोंदले गेले. डिसेंबरातला तो सुमारे पन्नास वर्षांतला नीचांक, त्यामुळे देशभर मथळे झाले. पण ती कोरडी थंडी होती. जोरदार बर्फवृष्टी झाली ती पुढे २७-२८ डिसेंबरला, ढग आल्यावर. मथळा वाचून २२ तारखेला पोहोचलेल्यांच्या वाट्याला नुसती हुडहुडी आली.

वेण्णा तलावावरचा प्रकारही याच जातीचा आहे. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. त्यात आठ-दहा अंश दिसत असताना तलावाकाठच्या आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात गार हवा साचून गवताच्या पातीवर पारा शून्याला टेकू शकतो. जीपच्या टपावर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पडलेले दव तिथल्या तिथे गोठते. त्यात आकाशातून काहीही पडलेले नसते. आणि पडणारही नाही, कारण महाबळेश्वरची उंची जेमतेम १,३७२ मीटर आणि आपल्या अक्षांशावर भर हिवाळ्यातही शून्य अंशाची पातळी साडेचार हजार मीटरच्या आसपास असते. म्हणून बातमीत नुसते ‘महाबळेश्वर ० अंश’ छापू नये. आकडा वेधशाळेचा की तलावाकाठचा, हवेतला की जमिनीलगतचा, एवढे लिहिले तरी स्ट्रॉबेरीवाल्याला त्याचा उपयोग होईल. निरभ्र, निवांत संध्याकाळ असेल तर वाफ्यांना हलके पाणी द्यायचे आणि सूर्य मावळण्याआधी क्रॉप कव्हर ओढायचे, हा निर्णय त्याला त्याच दिवशी दुपारी घ्यावा लागतो.

आता मुद्द्याचे. आपला पाऊस जसा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर, तसा काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमी प्रक्षोभांवर अवलंबून असतो. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघालेल्या या प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांच्या झोताबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून येतात. वाटेत अरबी समुद्राकडून बाष्प मिळाले तर त्या जोर धरतात. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा येतात, पण सगळ्याच बरसत नाहीत. काही नुसते ढग दाखवून जातात, काही उत्तरेकडून निसटतात. महिन्यात एक-दोन दमदार आल्या तरी गुलमर्गचे उतार भरतात, एकही आली नाही तर चाळीस दिवस कडाक्याची थंडी पडूनही गवत उघडेच राहते. प्रक्षोभ पुढे सरकला की दोन-चार दिवसांत आपल्याकडे उत्तरेचे वारे सुरू होतात. म्हणजे तासगावच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या असतील, तर काश्मीरवरचे ढग बहुधा हटलेले असतात.

डोंगराचा वाटा आपल्या लोकांना वेगळा सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास, हे आपण पाहतोच. काश्मीरमध्ये पीर पंजालची रांग हेच काम करते. नैर्ऋत्येकडून येणारी दमट हवा तिच्यावर चढते, थंड होते आणि माथ्याच्या दोन्ही अंगांना बर्फ टाकते. गुलमर्ग याच रांगेच्या कुशीत आहे, गाव २,६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा (१९९८) कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर जातो. दुसरा टप्पा (२००५) अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, ३,९५० मीटरच्या आसपास. श्रीनगर फक्त १,५८५ मीटरवर आहे. त्यामुळे एकाच प्रक्षोभात श्रीनगरला पाऊस, गुलमर्गला ओला बर्फ आणि अफरवटवर कोरडा भुसभुशीत बर्फ, असे सर्रास होते. शिवाय गुलमर्गचे मुख्य उतार साधारण ईशान्येकडे तोंड करून आहेत. त्यांच्यावर दुपारचे ऊन तिरपे पडते आणि पडलेला बर्फ जास्त दिवस कोरडा राहतो. स्कीइंगसाठी जगभरातले लोक इथे येतात त्यामागे ही दिशा मोठे कारण आहे. जाहिरातीत मात्र तिचा उल्लेख सापडणार नाही.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात : २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. सहल कंपन्या चिल्लई कलान म्हणजे बर्फाचा हंगाम असे सांगतात. ते थंडीचे पंचांग आहे. श्रीनगरच्या नोंदींत वर्षातले सर्वाधिक पर्जन्य मार्चमध्ये होते आणि फेब्रुवारीही डिसेंबरपेक्षा ओला असतो. अलीकडची दोन वर्षे पाहा. २०२३-२४ च्या हिवाळ्यात जानेवारीचा बहुतेक काळ गुलमर्ग कोरडे होते, खरा बर्फ जानेवारीच्या अखेरीस सुरू झाला. ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा तिथे २१ ते २५ फेब्रुवारीला झाल्या. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारी २०२५ ची तारीख बर्फाअभावी पुढे ढकलली आणि स्पर्धा ९ ते १२ मार्चला झाल्या. सरकारी स्पर्धेची तारीख सरकते, परतावा नसलेल्या विमान तिकिटाची सरकत नाही.

काही जण एल निनोवरून आडाखे बांधतात. एल निनोच्या वर्षी वायव्य भारतात हिवाळी पर्जन्य बरे होण्याकडे कल असतो हे खरे. पण २०२३-२४ हे एल निनोचेच वर्ष होते आणि त्यात काय झाले ते वर आलेच आहे. सहलीची तारीख ठरवायला हा आधार कामाचा नाही.

तर कधी जावे? दिवाळीत बर्फासाठी जाऊ नये. अफरवटच्या माथ्यावर भुरभुर असेल, खाली पिवळे गवत. नाताळ म्हणजे नशिबाचा भाग : चांगला प्रक्षोभ होऊन गेला असेल तर खेळण्यापुरता बर्फ मिळेल, स्कीइंग शिकण्याइतका मिळेलच असे नाही. शिकायचे असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरावा. तिथल्या सरकारी संस्थांचे प्राथमिक वर्ग साधारण दोन आठवड्यांचे असतात, त्यात एखादे वादळ आले तरी पाच-सहा चांगले दिवस हाती लागतात. मार्चच्या उत्तरार्धात गोंडोलाचे दोन्ही टप्पे चांगले असतात, गावाजवळचा शिकाऊ उतार दुपारी पाणावतो. शाळेच्या परीक्षा, कारखान्यांचा गाळप हंगाम, द्राक्षांची काढणी यामुळे आपल्या भागातल्या अनेकांना फेब्रुवारी जमत नाही. त्यांनी नाताळलाच जावे, पण बर्फ हा जास्तीचा लाभ समजून.

हवामानाचा अंदाज स्वतः वाचता आला तर निम्मे काम होते. भारतीय हवामान विभागाचे श्रीनगर केंद्र रोज अंदाज देते. त्यात तापमानाआधी ढग आणि पर्जन्य पाहावे. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो, सात-आठ दिवसांचा दिशा दाखवतो, दहा दिवसांपलीकडच्यावर पैसे लावू नयेत. पर्जन्य मिलिमीटरमध्ये दिले असेल तर ढोबळ हिशेब असा : १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ सेंटिमीटर ताजा बर्फ. हवा उणे आठ-दहा अंश असेल तर तेवढ्याच पाण्याचा दीड ते दोन सेंटिमीटर फुललेला बर्फ होतो, शून्याच्या जवळ असेल तर अर्धा-पाऊण. म्हणजे २० मिलिमीटरच्या अंदाजातून कोंगडोरीला वीस ते तीस सेंटिमीटर मिळतील आणि गावात कदाचित बारा, तेही ओले. तो पडल्यावर एक-दोन दिवसांत दबून बसतो. ३० सेंटिमीटरचे २० होतात, बर्फ वितळला म्हणून नव्हे.

बर्फ पडेल की पाऊस हे श्रीनगरच्या त्याच वेळच्या तापमानावरून काढता येते. ढगाळ, पर्जन्याच्या हवेत दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी करत जायचे. श्रीनगरला पाऊस पडत असताना ५ अंश असतील तर गुलमर्गला उणे २, कोंगडोरीला उणे ५, अफरवटला उणे १०. सगळीकडे बर्फ. श्रीनगरला ९ अंश असतील तर गुलमर्गला अधिक २, म्हणजे पाऊस किंवा पाणचट बर्फ. कोंगडोरीला उणे १, तिथे बर्फ पण जड. अफरवटला उणे ६, तिथे उत्तम. हवा कोरडी असेल तर अधिक एक-दोन अंशांतही बर्फ न वितळता जमिनीपर्यंत पोहोचतो, एवढी सूट धरावी. मात्र निरभ्र रात्रीच्या आकड्याला हे गणित लावायचे नाही. तेव्हा गार हवा खोऱ्यात साचलेली असते आणि श्रीनगरपेक्षा गुलमर्ग उबदार असणेही शक्य असते.

किती बर्फ पुरतो? गवताळ शिकाऊ उतारावर दाबून बसलेला ३०-४० सेंटिमीटर चालतो. कोंगडोरीच्या वर खडक आणि झुडपांची खोडे असतात, तिथे एक मीटरच्या खाली स्की खरवडते आणि पडलेला माणूस दगडावर आदळतो. वादळाच्या दिवशी वरचा टप्पा वाऱ्याने बहुधा बंद असतो. वारा थांबला तरी लगेच उघडत नाही, कारण आधी उतारांवरचा सैल बर्फ मुद्दाम पाडून घ्यावा लागतो. वादळानंतरचा पहिला निरभ्र दिवस सगळ्यांना हवा असतो आणि त्या दिवसाची गोंडोलाची ऑनलाइन तिकिटे आधीच संपलेली असतात. तिकीट काढताना मुक्कामातल्या किमान दोन दिवसांची चाचपणी करावी. मार्चमध्ये वेळ पाळावी : सकाळी नऊपर्यंत बर्फ कडक आणि घसरडा, साडेदहा ते एक छान मऊ, त्यानंतर खिचडी. नवशिक्यांचे गुडघे मुरगळतात ते बहुधा या दुपारच्या ओल्या बर्फात, स्की रुतते आणि अंग पुढे जाते.

हिमस्खलनाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ‘ऑफ पिस्ट’, म्हणजे दोरीच्या कुंपणापलीकडे, जाण्याचे आमिष आता आपल्याकडच्या तरुणांनाही दाखवले जाते. डिसेंबरात थोडासाच बर्फ पडला आणि त्यावर आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडक थंडी राहिली तर धोका तिथेच तयार होतो. जमिनीलगत बर्फ शून्याच्या आसपास असतो, पृष्ठभाग उणे दहा-पंधरावर. एवढ्याशा जाडीत इतका फरक पडला की खालच्या कणांतून वाफ वर सरकते आणि ते कण मोठे, कोनाकोनाचे, एकमेकांना न चिकटणारे होतात. खड्डा खणून तळाचा बर्फ मुठीत घ्या : कारखान्यातल्या एम-३० साखरेसारखा तो बोटांतून ओघळतो, गोळा होत नाही. या थरावर फेब्रुवारीत एकदम मीटरभर बर्फ पडला की वरची लादी या सैल कणांवर नुसती टेकलेली असते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती सुटते. कोरडा डिसेंबर-जानेवारी आणि मग जोरदार फेब्रुवारी हा क्रम म्हणूनच सर्वांत वाईट. २०२४ ला तोच क्रम होता आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या अंगावर दोन पोलिश स्कीपटू दगावले. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला १७ जवान गाडले गेले, आणि ते पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण घेणारे लोक होते.

जाणकार वाटाडे उतारावर जाण्याआधी खड्डा घेतात. ३० बाय ३० सेंटिमीटरचा बर्फाचा खांब बाजूंनी मोकळा करायचा, त्यावर फावडे आडवे ठेवायचे, आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारायच्या. पहिल्या दहांतच खांब सपाट, स्वच्छ कापल्यासारखा सरकला तर मागे फिरायचे. चंडीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा जिल्हानिहाय निघतो, तो त्या दिवशीचा वाचावा. बर्फ थांबल्यावरचे पहिले २४ ते ४८ तास आणि वाऱ्याने बर्फ वाहून आणून साठवलेली माथ्याची वाऱ्याआडची बाजू, ही वेळ आणि ही जागा टाळावी. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि फावडे ही तिन्ही प्रत्येकाकडे असणे आणि त्यांचा वापर माहीत असणे आवश्यक. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबतीच वाचवू शकतात, खालून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. गोंडोलाने वर जाऊन फोटो काढणाऱ्यांनीही दोरीपलीकडे दहा पावले टाकू नयेत. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगणारी माणसे शोधायला लांब जायला नको, अपशिंगेसारख्या गावांत सियाचेन-द्रासला हिवाळे काढलेले माजी सैनिक भेटतील.

उत्तराखंडातल्या औली आणि हिमाचलातल्या सोलंगबद्दल थोडक्यात. पूर्वेकडे जावे तसा प्रक्षोभांचा जोर ओसरतो, त्यामुळे औलीचा (२,५०० ते ३,०५० मीटर) बर्फ गुलमर्गपेक्षा बेभरवशाचा. तिथे कृत्रिम बर्फाची यंत्रे आणली होती, पण त्यांनाही दमट हवेचा हिशेब धरून उणे दोन अंशांच्या आसपास गारवा आणि भरपूर पाणी लागते. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला, जाहिरातीत अजून तोच जुना फोटो दिसला तर चौकशी करावी. सोलंगला बर्फ नसेल तेव्हा गाड्या अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-कोकसरला नेतात. ती उंची तीन हजारांच्या वर असल्याने तिथे बर्फ टिकतो, पण बर्फवृष्टीच्या दिवशी बोगदाच पर्यटकांना बंद होऊ शकतो.

आपल्याला विनंती अशी की, हिवाळ्यात पर्यटन पानावर श्रीनगरच्या किमान तापमानाऐवजी किंवा निदान त्याच्या जोडीला तीन आकडे द्यावेत : गुलमर्ग आणि कोंगडोरीला जमिनीवर असलेला बर्फ, गेल्या २४ तासांत पडलेला बर्फ आणि पुढचा प्रक्षोभ अपेक्षित असल्याची तारीख. आठवड्यातून एकदा दिले तरी पुरे.

आणि ‘बर्फ हमखास’ वाचून पैसे भरणाऱ्यांनी आयोजकाकडून आधी लेखी घ्यावे : गुलमर्गला बर्फ नसेल तर पर्यायी ठिकाण कोणते, दुसऱ्या टप्प्याचे तिकीट कोण काढणार आणि वाऱ्याने तो बंद राहिला तर पैसे कुणाचे, टंगमर्ग ते गुलमर्ग या १३ किलोमीटरच्या चढाला साखळी लावलेल्या गाडीचा खर्च कुणाकडे, आणि श्रीनगरचे विमान रद्द झाले तर जादा मुक्कामाचे भाडे कोण देणार. परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, महामार्ग रामबनजवळ दरडींनी अडला तर ती उपयोगी पडते, पण तिचे आरक्षण ऐनवेळी मिळेलच असे नाही.

आपले,
हिमालयात भटकंतीचे गट नेणारे काही सातारकर व सांगलीकर
सातारा